बाबांचे पित्त

बाबांना जे व्हायचे त्याला आमच्या घरी पित्त म्हणत. सकाळी ऑफिसला निघण्यापूर्वी त्यांना कोरड्या उलट्या होत, हाताला कंप सुटे, कपाळावर घाम येई, आणि सिंगापूरच्या बिशान स्टेशनपर्यंतच्या रस्त्यात ते कुठल्यातरी खांबाशी थांबून धडधडत्या छातीवर हात ठेवत. आई म्हणे, पित्त खवळलंय. पुण्याहून आत्या फोनवर सांगे की अण्णाचं लहानपणापासून हे असंच, परीक्षेच्या दिवशी तर हमखास. ओळखीतल्या कुणाकडे जेवायला जायचे टाळायचे असले, तर ह्यांना पित्त झालंय एवढे पुरे होई. पलीकडचा माणूस लगेच आपल्या पित्ताची हकिगत सुरू करी आणि एक उपाय सांगून फोन ठेवी. त्या आजाराला आमच्यात कुणी प्रश्न विचारत नाही. प्रत्येकाच्या घरी तो थोडाफार असतोच.

त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरातले एक कपाट पित्ताचे होते. त्यात मोरावळ्याची बरणी, आमसुले, सुंठ आणि पुण्याहून येणाऱ्या कडू गोळ्या असत. रात्री आई धने-जिरे भिजत घाली आणि सकाळी ते पाणी गाळून पितळेच्या भांड्यात बाबांसमोर ठेवी. आमच्या फ्लॅटच्या खिडकीतून एमआरटीचे, म्हणजे तिथल्या मेट्रोचे, रूळ दिसत. गाडी वळताना होणारा बारीक, चिरका आवाज, कुकरची शिट्टी आणि न्हाणीघरातून येणारा बाबांच्या ओकाऱ्यांचा आवाज, या तिन्हींनी माझी सकाळ सुरू होई. तिसरा आवाज आला की आई स्वयंपाकघरातला रेडिओ थोडा मोठा करी. मी पोळी-भाजीचा डबा भरून शाळेला जाई. आपल्या घरात काही वेगळे घडते आहे असे मला वाटत नसे.

बाबा रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत हिशेबतपासणीच्या कामात होते. त्यांचे आकडे चुकल्याचे कुणी कधी म्हटले नाही. अडचण अशी होती की दर महिन्याला ते आकडे दहाबारा माणसांसमोर उभे राहून सांगावे लागत. त्याच्या आदल्या दिवसापासून त्यांचे जेवण सुटे. ब्रँडी घरात कशी आली याच्या दोन हकिगती मी ऐकल्या आहेत. आईच्या मते ती ऑफिसातल्या एका चिनी सहकाऱ्याने चिनी नववर्षाला भेट दिली. बाबा सांगत की ती त्यांनी सर्दीसाठी स्वतः आणली. दोन्हींपैकी खरे काय ते मला ठरवता आलेले नाही. मी पाहिले ते एवढेच, की बाटली फ्रिजच्या मागच्या फळीवर तांदळाच्या डब्याआड असे, आणि साहेबाचा फोन येणार असला किंवा कुणाकडे जायचे असले की बाबा कपडे करून आधी स्वयंपाकघरात जात. स्टीलचा पेला ओट्यावर टेकल्याचा आवाज येई, मग नळ सुटे, मग बडीशेपेच्या डबीचे झाकण वाजे. बाहेर येत तेव्हा ते दुसरे गृहस्थ असत. लिफ्टमध्ये शेजाऱ्यांशी बोलत, माझ्या पाठीवर थाप मारत, आईच्या साडीला चांगले म्हणत. खरे सांगायचे तर तेच बाबा मला जास्त आवडत.

पुढे तो पेला फोनची आणि पाहुण्यांची वाट पाहीनासा झाला. रोज संध्याकाळी दोन, मग तीन. सकाळचा कंप वाढला तसे आई धने-जिऱ्याचे प्रमाण वाढवू लागली. जो कंप दारू उतरल्यामुळे येत होता त्यावर आमच्या घरी आमसुलाचे सार दिले जात होते, हे आज लिहिताना विनोदी वाटते. त्या वेळी कुणाला तसे वाटले नाही. ही धडधड पुढे मलाही आली. वर्तमानपत्रातल्या माझ्या नोकरीत वृत्तसंपादकांच्या संध्याकाळच्या बैठकीआधी छातीत सुरू होई आणि गळ्यापर्यंत चढे. मीही काही वर्षे तिच्यावर बाबांचाच उपाय केला, त्यामुळे तो कसा चालतो ते मला ठाऊक आहे. पहिल्या पेल्याने अर्ध्या तासात छाती मोकळी होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच भीती अधिक जोराने परत येते. तेव्हा पहिला पेला थोडा लवकर घ्यावा लागतो. त्या वर्षांबद्दल इथे लिहीत नाही. या प्रकरणाचा विषय माझी मुंज आहे.

मुंजीच्या आधी दोन गोष्टी घडल्या. पहिली अशी की आईने हट्टाने बाबांना पॉलिक्लिनिकमध्ये नेले. तिथे तपासण्या झाल्या. हृदय चांगले होते, पोटही चांगले होते. तिथल्या तरुण डॉक्टरने बाबांना बराच वेळ प्रश्न विचारले आणि शेवटी मोठ्या हॉस्पिटलातल्या मनोविकार विभागाची मुंजीनंतरच्या बुधवारची वेळ घेऊन दिली.  घरी आल्यावर बाबा बूट न काढताच म्हणाले, "मी वेडा आहे का? बँकेत कळलं तर मला काय आकड्यांजवळ बसू देतील?" आई म्हणाली की बँकेला कोण सांगणार. त्यावर त्यांनी आमच्या ओळखीतली सगळी नावे घेतली. सिंगापुरात मराठी माणसे तेव्हा थोडी होती आणि त्यातली निम्मी कुठल्यातरी बँकेत होती. बाबांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते.

दुसरी गोष्ट मुंजीच्या आधीच्या आठवड्यातली. तिथल्या शाळांना जूनची सुट्टी होती. आई लाडू वळत होती, मी बेदाणे निवडून देत होतो. बाबा पाणी प्यायला आत आले. आईने हात न थांबवता त्यांना सांगितले, "अहो, एक ठरवू या. मुंजीच्या दिवशी थेंब घ्यायचा नाही. निभावलंत तर ते पित्तच आहे असं मी समजेन, पुन्हा डॉक्टरचं नाव काढणार नाही. नाही निभावलं, तर बुधवारी माझ्याबरोबर यायचं. कटकट न करता."

बाबांनी पेल्यातले पाणी संपवले. मग म्हणाले, "मान्य."

मी तिथे आहे हे दोघांच्याही लक्षात होते. मुलाला काय कळतंय असे त्यांना वाटले असावे.

मुंज एका देवळामागच्या हॉलमध्ये होती. सत्तर-ऐंशी माणसे होती. गुरुजी आठवडाभर जहाजांच्या सुट्या भागांच्या कंपनीत नोकरी करत आणि शनिवार-रविवार पौरोहित्य. मागच्या लोकांनाही ऐकू जावे म्हणून त्यांनी माइक चौरंगाजवळ ठेवला होता. पुण्याहून फक्त विनायकमामा आला होता. आईचा धाकटा भाऊ, सतत बोलणारा, कुणाचीही फिरकी घेणारा. बाबा सोवळे नेसून पाटावर बसले, शेजारी आई, तिच्या शेजारी मी. सकाळपासून त्यांनी काही घेतले नव्हते हे आईला आणि मला माहीत होते. घरून निघताना त्यांचा चेहरा पांढरा होता आणि टॅक्सीत त्यांनी सगळा वेळ काच खाली ठेवली होती.

संकल्प सुरू झाला. उजव्या हातावर पाणी घेऊन ते ताम्हनात सोडायचे असते. बाबांनी पळी उचलली आणि ती पंचपात्राच्या काठावर वाजू लागली. माइकमुळे तो आवाज सगळ्या हॉलभर गेला, बारीक, न थांबणारा, सायकलच्या घंटीसारखा. पाणी हातावर पडण्याऐवजी पितांबरावर पडले. गुरुजींनी मंत्र थांबवला आणि हळूच सांगितले, सावकाश होऊ द्या. बाबांनी पुन्हा पळी उचलली. पुन्हा तेच. मागे कुणीतरी खाकरले. विनायकमामा मोठ्याने म्हणाला, "भावोजी, मुंज पोराची आहे, लग्न तुमचं नाही. एवढं काय घाबरायचं?" सगळे हसले. त्याचा हेतू चांगला होता. बाबाही हसले. त्यांच्या कानशिलावरून घामाचा ओघळ गळ्यापर्यंत आलेला मी पाहिला. शेवटी आईने आपला हात त्यांच्या हाताखाली धरला आणि संकल्पाचे पाणी दोघांनी मिळून सोडले.

मला त्या वेळी काय वाटले ते नेमके सांगता येते, कारण ते नंतर अनेकदा वाटले. मला हवे होते की हे माझे वडील नसावेत. शाळेतला माझा मित्र त्याच्या आईवडिलांबरोबर मुंज बघायला आला होता. तो माझ्याकडे न पाहता पंख्याकडे पाहत होता.

नंतर मातृभोजन झाले. आईबरोबर एका ताटात जेवायची ती शेवटची वेळ, असे सगळ्या बायका मला सांगत होत्या आणि डोळे पुसत होत्या. ताटात गुळाची पोळी, वरणभात आणि बटाट्याची भाजी होती. आई मला घास देत होती, पण तिचे लक्ष दाराकडे होते. बाबा केटररला बघून येतो म्हणून बाहेर गेले होते. मग न्हावी न मिळाल्यामुळे विनायकमामाने यंत्राने माझे डोके भादरले, तेव्हाही ते नव्हते. ते रस्त्यापलीकडच्या कॉफीशॉपमध्ये गेले होते; तिथे दारूही मिळे. सोवळ्यावर त्यांनी शर्ट चढवला होता आणि उभ्या उभ्या दोन पेले घेतले होते. हे मी पाहिलेले नाही. त्यांनी पुढे डॉक्टरांना सांगितले, ते आईसमोर, आणि आईने मला बऱ्याच वर्षांनी.

ते परत आले ते मंगलाष्टकांच्या वेळी. चालणे सरळ, चेहऱ्यावर रंग, हात स्थिर. त्यांनी अक्षता वाटल्या, एका म्हाताऱ्या आजोबांना धरून खुर्चीत बसवले, मामाच्या टोल्याला टोला दिला. आईने एकदा त्यांच्याकडे पाहिले. तिला आनंद झाला होता. आनंद व्हावा असे तिला वाटत होते म्हणा. तेव्हा हा फरक मला दिसला नाही.

गायत्रीचा उपदेश वडिलांनी मुलाच्या कानात करायचा असतो. तो इतरांनी ऐकायचा नाही म्हणून दोघांच्या डोक्यावरून शाल पांघरतात. गुरुजींनी आम्हाला समोरासमोर बसवले आणि मामाने शाल टाकली. आत अंधुक, लालसर उजेड होता आणि गरम होत होते. बाबा पुढे वाकले, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आधीच मला तो वास आला. बडीशेप आणि तिच्याखाली तो. स्वयंपाकघरातला, रोजचा, ओळखीचा. मी मान मागे घेतली. शालीत मान मागे घ्यायला फारशी जागा नसते. बाबांच्या लक्षात आले. बाहेर गुरुजी म्हणत होते, पहिला पाद सांगा. बाबांचे तोंड माझ्या कानाशी आले. ते म्हणाले, "मंदार, आईला सांगू नकोस."

त्यानंतर त्यांनी मंत्र सांगितला. आधी एकेक पाद, मग अर्धा, मग सगळा. उच्चार स्वच्छ होते, कुठे अडखळले नाहीत. मी त्यांच्यामागून म्हटला. त्या दिवशी माझ्या कानात जे सांगितले गेले त्याचा क्रम असा होता, आणि मला तो बदलता आलेला नाही.

शाल निघाली. टाळ्या वाजल्या. लगेच भिक्षावळ होती. हातात दंड, कमरेला लंगोटी, पुढे झोळी घेऊन मी उभा राहिलो. पहिली भिक्षा आईची. मी पाठ केल्याप्रमाणे म्हटले, "ॐ भवति भिक्षां देहि." आई लाडूंचे ताट घेऊन पुढे आली आणि माझे उपरणे सारखे करायला वाकली. तिच्या मागे बायकांची रांग लागली होती. तिने उपरण्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली, आणि ओठ फारसे न हलवता विचारले, "खरं सांग. बाबांच्या तोंडाला वास होता?"

मी म्हणालो, "हो."

आईने झोळीत लाडू टाकले.  या क्षणाचा फोटो आमच्याकडे आहे आणि त्यात ती हसते आहे. फोटोग्राफरने वर बघायला सांगितले होते. बाबा होमाजवळ उभे होते आणि आमच्याकडे पाहत होते. आई काय बोलली ते त्यांना ऐकू जाणे शक्य नव्हते. पण त्यांनी मान खाली घातली आणि पाटाखालचा कापूर उचलून डबीत ठेवू लागले. मी पुढच्या बाईंसमोर जाऊन भिक्षा मागितली, मग त्यांच्या पुढच्या. लाडू, बदाम, चॉकलेटे, एकेका बाईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. कुणी म्हणाले, "किती शहाणा दिसतोय."

खरे बोलल्याची लाज वाटते हे मी पुढे दोनतीन माणसांना समजावण्याचा प्रयत्न केला. माझ्या पत्नीलाही. ती म्हणते तू दहा वर्षांचा होतास, आणि तू सांगितलंस म्हणूनच पुढचं सगळं झालं. दोन्ही बरोबर आहे. वस्तुस्थितीबद्दल माझे काही म्हणणे नाही. बाबांनी मला आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती, ती मी पाच मिनिटेही सांभाळली नाही, एवढीच ती लाज आहे. युक्तिवादाने ती कमी झालेली नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर मामा हॉलमध्ये सतरंजीवर आडवा झाला. स्वयंपाकघरात उरलेले श्रीखंड डब्यात भरता भरता आई म्हणाली, "बुधवारी सकाळी जायचंय."

बाबांनी विचारले, "मंदारनं सांगितलं?"

"मी विचारलं म्हणून सांगितलं."

ते ठीक आहे म्हणाले आणि श्रीखंडाच्या डब्याचे झाकण लावू लागले. ते नीट बसेना, म्हणून उलटे करून पुन्हा लावले. मी दारात उभा होतो. ते मला ओरडले नाहीत. त्यानंतरच्या दोन दिवसांत एवढेच बदलले की मी पाण्याचा पेला दिला की ते "थँक्स" म्हणू लागले. आमच्या घरात कुणी कुणाला थँक्स म्हणत नसे.

बाबा बरे झाले का, हे इथेच सांगून टाकतो. दारू सुटायला वेळ लागला. मध्ये ती दोनदा परत आली, एकदा वाईट रीतीने. धडधड शेवटपर्यंत गेली नाही. तिचे नाव त्यांना कळले, औषध मिळाले, आणि ती आली तरी उभे राहून बोलता येते हे त्यांना हळूहळू जमले. घरात मात्र पित्त हा शब्द तसाच राहिला. आई अजून तोच वापरते.

बुधवारी मामा परत जाण्याआधीच्या खरेदीला मुस्तफा नावाच्या मोठ्या दुकानात गेला होता, त्यामुळे मला घरी एकटे ठेवता येईना. मीही हॉस्पिटलात गेलो. तिथे तीन-चार विभागांचा मिळून एकच मोठा प्रतीक्षा हॉल होता. निळ्या खुर्च्यांच्या रांगा, समोर नंबर दाखवणारा बोर्ड, आणि अशी थंडी की बायका शाली घेऊन बसल्या होत्या. आई काउंटरच्या रांगेत उभी राहिली. बाबा आणि मी शेजारी बसलो. त्यांनी काही घेतलेले नव्हते. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ते बसले होते, तरी त्यांचा गुडघा हलत होता आणि जोडलेल्या खुर्च्यांमधून तो कंप माझ्यापर्यंत पोचत होता.

समोरच्या रांगेत एक वयस्क चिनी बाई होती. ती बराच वेळ माझ्या भादरलेल्या डोक्याकडे पाहत होती. मग ती उठून आली, पर्समधून एक गोड गोळी काढून माझ्या हातावर ठेवली आणि बाबांना तिथल्या इंग्रजीत म्हणाली, "सो यंग, पुअर थिंग. बट युवर बॉय व्हेरी ब्रेव्ह, लाह. यू ऑल्सो मस्ट बी स्ट्राँग, ओके? फॉर हिम." तिचा काय समज झाला होता ते मला कळले. बाबांनाही कळले. आजूबाजूची चारपाच माणसे माझ्याकडे पाहू लागली होती.

हे धार्मिक कारणाने काढलेले केस आहेत असे सांगून सुटता आले असते. मान हलवून थँक यू म्हटले असते तरी भागले असते. बाबांनी मांडीखालून हात काढले. ते उभे राहिले, जसे त्यांना बँकेत उभे राहता येत नसे, आणि हॉलमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा, थोड्या जास्तच मोठ्या आवाजात म्हणाले, "नो, आंटी. ही इज नॉट सिक. आय ॲम सिक. आय गेट फ्राइटंड, सो आय ड्रिंक."

 ते वाक्य त्यांनी कुठल्याही पेल्याशिवाय, अनोळखी माणसांसमोर, पहिल्यांदाच म्हटले. आज मी त्याला धैर्य म्हणेन.  बाई म्हणाली, "नेव्हर माइंड, लाह. कॅन गेट बेटर वन," आणि पर्समधून आणखी एक गोळी काढून तिने ती बाबांना दिली. ती आपल्या जागेवर परत गेली. माणसे आता बाबांकडे पाहत होती. एक बाई शेजारणीला काहीतरी सांगत होती.

मी उठलो आणि एक खुर्ची सोडून पलीकडे बसलो.

बाबांनी ते पाहिले.  बोर्डवर त्यांचा नंबर आला. मी वर पाहिले नाही, मला त्यांचे फक्त बूट दिसले. ते माझ्यासमोर थोडे थांबले आणि मग दाराच्या दिशेने गेले. काउंटरवरून आई आली तेव्हा माझ्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. तिने विचारले, तू असा लांब का बसलास?

मी म्हणालो, "तिथे एसी फार लागत होता."